पूल दिसेल अशी जागा

एका नदीकाठच्या शहरात म्हाळू नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. गृहस्थ म्हणायचं ते वयाकडे बघून. लग्न काही जमत नव्हतं. मुली नकार द्यायच्या असं नाही, तिथवर वेळच यायची नाही.

त्या शहराचा कमानींचा पूल नावाजलेला, आणि नदीच्या काठाला भली मोठी बाग. बाहेरगावचं एक स्थळ आलं, तेव्हा मुलीच्या वडिलांनीच सुचवलं, बघण्याचा कार्यक्रम बागेत करू, पूलही पाहून होईल. म्हाळूची आत्या खूश झाली. तिने म्हाळूला सकाळीच पिटाळलं आणि बजावलं, "पूल दिसेल अशी जागा धरून ठेव. हे स्थळ हातचं गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही."

म्हाळू बागेत गेला. समोर नुसती झाडं. माळ्याने सांगितलं, उंचावर चढा, मग दिसेल. शेजारी चांगली टेकडी होती. म्हाळू समोरच्या वडावर चढला. तिथून पानं दिसली.

माळ्याने त्याला उतरवलं आणि समजावलं, आड काही आलं की ते ओलांडून पुढे जायचं. म्हाळू पुढे गेला. ताटवे ओलांडले, कुंपण ओलांडलं, आणि पुलाच्या खांबाला नाक लागलं तेव्हा थांबला. तिथे शेवाळ दिसलं.

माळी धापा टाकत आला. "अहो, इतक्या जवळून काय दिसणार? नीट बघायचं तर लांब जावं लागतं."

म्हाळूला हे मनापासून पटलं. शेवटी माळ्यानेच त्याला हाताला धरून टेकडीवर नेऊन बसवलं.

पाहुणे आले. सतरंजी अंथरली, पोह्यांचा डबा उघडला. समोर कमानींचा पूल झकास दिसत होता. मुलगी, वत्सला, खाली मान घालून बसली होती. तिच्या आणि म्हाळूच्या मध्ये तिचे मामा होते, अंगाने भरलेले. आड काही आलं की काय करायचं ते म्हाळूला आता माहीत होतं. त्याने मामांना ओलांडलं. मामांची टोपी पोह्यांत पडली.

आत्याला धरणी दुभंगावी असं झालं. पण मुलीचे वडील सज्जन. ते म्हणाले, "असू दे. मुलगी नीट बघून घ्या, मग काय ते सांगा."

म्हाळू वत्सलाच्या अगदी पुढ्यात उभा होता. त्याने क्षणभर विचार केला, चपला घातल्या आणि टेकडी उतरून गेला. हात धुवायला गेला असेल, असं आत्याने सावरून घेतलं. दुसऱ्यांदा चहा झाला. सगळे अवघडून पुलाकडे बघत बसले.

तेवढ्यात पुलाच्या मधल्या कमानीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. त्याने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बराच वेळ टेकडीकडे पाहिलं. मग दोन्ही हात हलवत, सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मुलगी पसंत आहे."

वत्सलाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"इथून बरे दिसतात," ती आत्याला म्हणाली. "त्यांना तिथेच राहू द्या."