गुणाजीनं खर्च वाचवला

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? तर बायकोनं सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेही शब्दन् शब्द. गावातल्या बाकीच्या बायकांना त्याच्या बायकोचा, तानूबाईचा, हेवा वाटायचा. तानूबाईला बाकीच्या बायकांचा.

त्या वर्षी त्यांच्या लेकीचं, मंजुळाचं, लग्न झालं होतं आणि आता पहिली दिवाळी यायची होती. पहिला दिवाळसण म्हणजे जावई येणार, त्याला न्हाऊ घालायचं, ओवाळायचं आणि ओवाळणीत सोन्याची अंगठी घालायची. लग्नात विहीणबाई नाक मुरडून म्हणाल्या होत्या, "आता नाही जमलं म्हणता, ठीक आहे. दिवाळीला बघू तुमची ऐपत." हे वाक्य तानूबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. अंगठी नाही घातली तर मंजुळाला सासरी उठता-बसता टोमणे खावे लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं ठरवलं, आता दिवाळीपर्यंत घरात काटकसर.

तिनं गुणाजीला समोर बसवलं.

"हे बघा, आजपासनं पैसा जपून. जे घरात हाय, ते पुन्हा इकत आणायचं न्हाई."

"बराबर हाय," गुणाजी म्हणाला. "ध्यानात राहील."

आणि राहिलंही. ध्यानात राहण्याच्या बाबतीत गुणाजी कधी कमी पडला नाही.

आठवड्याच्या बाजाराला तानूबाईनं त्याला चपलेसाठी पैसे दिले. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि जावयासमोर सासरा फरफटत चालला तर बरं दिसलं नसतं. गुणाजी चपलेच्या दुकानात गेला, उजवा पाय पुढे केला आणि म्हणाला, "एक द्या."

"एक जोड?"

"जोड नगं. एक चप्पल. उजवी. डावी घरात हाय."

दुकानदारानं त्याला नीट बघून घेतलं. "आणि ही उरलेली डावी मी कुणाला विकू? बगळ्याला?"

"ते तुमचं तुमी बघा."

दुकानदारानं पूर्ण जोडाचे पैसे घेतले, एक चप्पल दिली. नवी चप्पल जाड तळाची, जुनी झिजून पापड झालेली. गुणाजी एका अंगाला कलत कलत घरी आला आणि तानूबाईला म्हणाला, "दुसरी वाचवली."

तानूबाईनं कपाळावर हात मारला. मग तिला वाटलं, चूक आपलीच, नीट सांगितलं नाही. हे तिला दरवेळी वाटायचं, हाच तिचा भोळेपणा.

"अवो, जोडीची वस्तू जोडीनंच आणायची असती! एकटं कवा काय आणायचं न्हाई."

"बराबर हाय. आता चुकणार न्हाई."

चार दिवसांनी तानूबाईनं लेकीच्या नावानं घरात सत्यनारायण ठेवला. साधाच. केळीचे खांब शेजारच्यांचे, पाट शेजारच्यांचा, चौरंग देवळातला. फक्त रवा, तूप आणि भटजींची दक्षिणा काय ती घरची. ती गुणाजीला म्हणाली, "जावा, भटजींना घेऊन या."

गुणाजी गावातल्या भटजींना घेऊन निघाला. देवळापर्यंत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे एकटेच आहेत. तो तसाच त्यांना वाटेवरच्या दगडावर बसवून शेजारच्या गावी गेला आणि तिथल्याही भटजींना घेऊन आला. या दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

एका चौरंगाच्या दोन बाजूंना दोघे बसले. एकानं पहिला अध्याय सुरू केला, म्हणून दुसऱ्यानं त्याच्यावर आवाज चढवून दुसरा सुरू केला. साधुवाण्याची नाव एकाच्या कथेत बुडाली तेव्हा दुसऱ्याच्या कथेत वर आली होती. लोकांनी नमस्कार नेमका केव्हा करायचा हे कुणाला कळेना, म्हणून सगळे हात जोडूनच बसले. शेवटी दोन दक्षिणा गेल्या, दोन शिधे गेले, आणि प्रसादाचं पातेलं दोघांनी मिळून खरवडून नेलं.

"जोडीनं आणले," गुणाजी अभिमानानं म्हणाला.

तानूबाईनं डब्यातले उरलेले पैसे मोजले. मग म्हणाली, "आन् दोघांनी मागितली तेवढी दक्षिणा दिलीत?"

"व्हय."

"अवो, कुणी आकडा सांगितला की निम्मा म्हणायचा! आन् समोरचा निम्म्यावर आला, की आणखी निम्मा. असा खाली खाली उतरवायचा. तवा कुठं चार पैसं वाचत्यात."

"हे आधी सांगायचं न्हाई का?" गुणाजी म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं. एवढी साधी युक्ती आपल्याला आजवर कुणी शिकवली नाही म्हणून तो जरा खट्टूही झाला.

आता अंगठीसाठी तानूबाईची सगळी भिस्त गोठ्यातल्या बोकडावर होती. चांगला दांडगा, शिंगाळ बोकड. तानूबाई दुसऱ्याच्या रानात भुईमूग काढायला गेली होती तेव्हा बोकडांचा व्यापारी दारात आला. त्यानं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले.

"आठ हजार देतो," तो म्हणाला.

"चार," गुणाजी म्हणाला.

व्यापाऱ्यानं कानात बोट घालून हलवलं. "काय म्हणालात?"

"चार. एक पैसा जास्त न्हाई."

"बरं. चार तर चार."

"दोन," गुणाजी म्हणाला.

व्यापारी बोकडापासून दोन पावलं मागे सरला. "दादा, तुमी इकताय का घेताय?"

"इकतोय. पर मला येडा समजू नगा. दोन."

व्यापाऱ्यानं टोपी काढून घाम पुसला. बत्तीस वर्षांच्या धंद्यात त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. "बरं, दोन," तो कसाबसा म्हणाला.

"एक!"

"न्हाई!" व्यापारी ओरडला. "दोनच्या खाली मी घेणार न्हाई! मला बी देवाला तोंड दाखवायचं हाय!"

गुणाजीनं बराच वेळ ताणून धरलं. पण व्यापारी हट्टी निघाला. शेवटी गुणाजी नाइलाजानं दोन हजारांवर कबूल झाला आणि संध्याकाळी बायकोला म्हणाला, "आठवरनं दोनवर आणला. एकवर आणला असता, पर गडी लई चिवट."

तानूबाई रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. पदर तोंडाला लावून ती रडली. मग डोळे पुसून बाहेर आली, कारण रडून काही अंगठी होणार नव्हती.

"ऐका. बाहेरनं घरात येतं त्याचा आकडा कमी करायचा. आपल्या घरचं असंल त्याचा वाढवायचा. आपलं जे जे असंल ते दुप्पट करून सांगायचं. कळलं?"

"दुप्पट. बराबर हाय."

दोनच दिवसांनी ग्रामपंचायतीचा कारकून घरपट्टीची नोंद करायला आला. ऊन मी म्हणत होतं. तो ओट्यावर बसला, वही उघडली आणि मान वर न करता विचारलं, "खोल्या किती?"

"चार," गुणाजी म्हणाला. खोल्या दोन होत्या.

"नळ?"

"दोन." नळ एकच होता, तोही एक दिवसाआड यायचा.

"मजले?"

"दोन."

इथे कारकुनानं मान वर केली. समोर बसकं कौलारू घर होतं. "दुसरा कुठाय?"

"आपल्याच घरचा हाय," गुणाजी ठामपणे म्हणाला.

कारकुनाला अजून पंधरा घरं करायची होती. त्यानं लिहून घेतलं. पावती आली तेव्हा तानूबाईनं ती शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेतली. मग ती घराभोवती एक फेरी मारून आली.

"चार खोल्या?" ती म्हणाली. "बाकीच्या दोन मला दावा. आजपासनं मी तिकडंच झोपती."

आता डब्यात एका अंगठीपुरते पैसे उरले होते. तेही बारीक अंगठीपुरते. तानूबाईनं गुणाजीचे दोन्ही खांदे धरले.

"आता तुमी काय इकू नगा. काय घेऊ नगा. कुणाला काय सांगू नगा. दारात काय बी आलं, तर एकच इचारायचं. ह्याच्यावाचून आपलं अडतंय का? अडत नसंल, तर बाहेरच्या बाहेर वाटंला लावायचं. अडत असंल तर घरात घ्यायचं, पर त्यातलं सवंग बघून. एवढं जमंल?"

"जमंल की," गुणाजी म्हणाला.

आणि नवल म्हणजे जमलं. बांगड्यावाला आला, वाटेला लागला. चादरीवाला आला, वाटेला लागला. विम्याचा माणूस आला. त्यानं गुणाजीला विचारलं, "उद्या तुम्ही नसलात तर?" गुणाजी म्हणाला, "मी नसलो तर माझं काय अडतंय?" विम्याचा माणूस विचार करत निघून गेला. मीठ संपलं तेव्हा मात्र गुणाजीनं स्वतः विचार केला, मिठावाचून अडतं, आणि दुकानातून सगळ्यांत स्वस्त खडे मीठ आणलं. तानूबाईनं ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "गुणाचा गं माझा नवरा." असं ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली होती. गुणाजी त्या रात्री पोट भरल्यासारखा झोपला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तानूबाई सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेली, सोनाराकडून अंगठी आणायला. जाताना म्हणाली, "दुपारपतुर येतीच मी. सांगितलेलं इसरू नगा."

विसरणं गुणाजीच्या स्वभावातच नव्हतं.

दुपारी मंजुळा आणि जावई आले. मंजुळा पिशवी घेऊन सरळ आत गेली आणि मागच्या दारी पाय धुवायला लागली. जावई, विलासराव, दारात उभे राहिले. नवा सफारी, करकरीत बूट, हातात पेढ्यांचा पुडा. ते वाकून पाया पडले. गुणाजीनं उंबऱ्यावर आडवा हात लावला.

"जावईबापू, एक इचारतो. तुमच्यावाचून आमचं काय अडतंय का?"

विलासरावांना वाटलं, सासरे गमतीत आहेत. ते घरंदाज माणूस. लाजून म्हणाले, "छे छे मामा, माझ्यावाचून कसलं अडतंय?"

गुणाजीनं तरी घाईनं निर्णय घेतला नाही. त्यानं मनाशी नीट पारखून बघितलं. मागच्या दिवाळीला जावई नव्हता. दिवाळी झाली होती. चकली झाली होती. म्हणजे अडत नाही. मंजुळाचं तसं नव्हतं, तिच्यावाचून गेले सहा महिने भाकरीला चव नव्हती.

"मग या," तो म्हणाला.

"आत येऊ?"

"आत नव्हं. माघारी."

विलासराव हसले. गुणाजी हसला नाही. मग विलासरावही हसायचे थांबले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि स्टँडची वाट धरली.

थोड्या वेळानं तानूबाई आली. चालताना ती मुठीतली लाल डबी पुन्हा पुन्हा चाचपत होती. "आले का पाव्हनं? कुठं हायती जावई?"

"वाटंला लावलं," गुणाजी म्हणाला. "अडत नव्हतं. त्यांनी सोता कबूल केलं. आता ती अंगठी बी सोनाराला परत देऊन ये. आख्खी वाचली."

आतून मंजुळाचा हुंदका आला. तानूबाईनं डबी कमरेला खोचली.

"अवो, जावयावाचूनच तर समदं अडलंय!" ती किंचाळली. "माझ्या लेकीचं तिथं समदं आयुष्य अडलंय! पळा! आत्ताच्या आत्ता जावा! जावई घेतल्याबिगर ह्या घराची पायरी चढू नगा!"

गुणाजी हादरला. म्हणजे जावयावाचून अडत होतं! आपला हिशेब चुकला याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. तो जोरात पळाला. स्टँडवर पोचला तेव्हा गाडी नुकतीच सुटली होती आणि मागे धुरळा तेवढा राहिला होता.

तो बाकड्यावर बसला. बाजूला एक माणूस बसला होता. नवे कपडे, तेल लावलेले केस, मांडीवर मिठाईचा खोका. गुणाजीनं त्याच्याकडे बघितलं. मग जरा जवळ सरकला.

"पाव्हनं, दिवाळीला निगालाय?"

"व्हय. सासरवाडीला. गाडी चुकली."

"म्हंजे जावई हाय तुमी?"

"तीन वर्षं झाली की."

गुणाजीनं आवाज बारीक केला. "अंगठी लागती?"

तो माणूस कडवट हसला. "कसली अंगठी? टॉवेल-टोपी मिळाली तरी लई झालं."

घरी तानूबाईनं दारात रांगोळी घातली होती. निरांजन लावलं होतं. तबकात अंगठी ठेवली होती. पाय धरू, माफी मागू, काय वाटेल ते करू, पण जावयाला ओवाळू, असं ती मनाशी म्हणत होती. तिच्यामागे मंजुळा उभी होती, तोंड धुऊन, डोळ्यांत पुन्हा काजळ घालून. तेवढ्यात वळणावर दोन माणसं दिसली.

"आले गं बाई!" तानूबाई म्हणाली आणि तबक उचललं.

गुणाजी धापा टाकत पुढे आला. त्यानं पाहुण्याचा हात घट्ट धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं आणि तबकातली अंगठी अलगद उचलून बायकोच्या हातात दिली.

"ही ठेव. लागत न्हाई. आपला गेला, पर ह्यो लई सवंग पडला. निस्त्या टॉवेल-टोपीवर तयार हाय." मग तो लेकीकडे वळला. "मंजुळे, बघत काय उभी ऱ्हायलीस? नवऱ्याला पाणी दे."