थांब्यांची वाट

त्या पठारावर पाणी नेहमीच दूर होते, आणि जो चालत जाई त्यालाच ते मिळे. यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

माथ्यावरच्या कातळात एक टाके होते. सगळा कळप रोज सकाळी तिथवर चढून जाई, पाणी पिई आणि कुरणात परत येई. ज्यांना चढवत नसे त्यांच्यासाठी दयासभा होती. ही सभा वानरांची. पळसाच्या पानांचे द्रोण लावून ते पाणी खाली आणीत आणि प्रत्येकाच्या तोंडाशी धरीत. वानर मनाने चांगले होते आणि आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता. त्यांची अट एकच: पाणी घेणाऱ्याने गळ्यात वाळक्या पानांची माळ घालायची, म्हणजे द्रोण भलत्याच तोंडी जात नसे. माळ घातली की कळपात ओळख मिटे. मग त्याला कोणी गवा म्हणत नसे की भेकर म्हणत नसे. तो नुसता माळवाला होई.

भुरी नावाची सांबरीण या माळवाल्यांत आली ती तापानंतर. त्याआधी टाक्यावर पहिली पोचणारी तीच. ताप सात दिवसांत उतरला, पण जाताना तिच्या सांध्यांत दुखणे ठेवून गेला. एखाद्या सकाळी ती उठे तेव्हा पाय तिचेच असत आणि ती थेट कुरणाच्या टोकापर्यंत चरत जाई. दुसऱ्या सकाळी तेच पाय कोणीतरी रात्रीतून दगडाचे करून ठेवलेले असत. कुठला दिवस कसा उजाडेल हे तिला आदल्या संध्याकाळी सांगता येत नसे.

दयासभेच्या वतीने तपासणीला बगळा येई. तो एका पायावर उभा राहून इतरांचे पाय पाहत असे.

"काल तुम्ही चरताना दिसलात," तो भुरीला म्हणाला.

"काल चांगला दिवस होता."

"आणि आज?"

"आज नाही. आज उठवलंसुद्धा नाही."

बगळ्याने मान तिरकी केली. "आमच्याकडे दोनच रकाने आहेत, बाई. चालणारे आणि न चालणारे. तुम्हाला कुठं घालू?"

"मी दोन्हीत आहे."

"असा रकाना नाही," बगळा म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला खरोखरच तसा रकाना कोणी दिला नव्हता. त्याने तिच्या गळ्यातली माळ काढून घेतली आणि तो पुढच्याकडे वळला.

त्या दिवशी भुरी दुपारपर्यंत कोरड्या जिभेने पडून राहिली. तिला तहानेपेक्षा जास्त जाळत होती ती एक शंका: आपण खरेच सोंग तर करत नाही? दहाजणांनी तोच प्रश्न विचारला की अकरावा प्रश्न आपण स्वतःलाच विचारू लागतो. तेवढ्यात शेजारी सळसळ झाली. नानू साळिंदर आपला द्रोण नाकाने ढकलत तिच्याकडे येत होता. नानूचे दोन्ही डोळे गेलेले होते.

"अर्धं तुझं," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं, मला मिळालं नाही ते?"

"तू पाणी पितेस तेव्हा फुरफुरतेस. आज आवाज आला नाही."

त्या दिवसापासून भुरी माळवाल्यांत बसू लागली, माळ नसतानाही. तिथे तिला कोणी पाय दाखवायला सांगत नव्हते. एक भेकर तीन पायांवर कसे वळायचे ते सांगे. धुरपा नावाची म्हातारी कासवीण, जिची पाठ एका दरडीखाली तडकली होती, ती कोणत्या दगडाला पाठ टेकली की ठणका कमी होतो हे सांगे. ती बोले थोडे आणि सावकाश, पण तिला मध्येच तोडून चालत नसे, कारण कामाचे वाक्य ती नेहमी शेवटी बोले.

त्या वर्षी टाके आटले. आधी कडा दिसल्या, मग तळाचा गाळ दिसला. कळपाचा नायक मानाजी गवा कातळावर उभा राहिला आणि त्याने सर्वांना गोळा केले.

"आठव्या दिवशी आपण खालच्या तळ्यावर जायचं," तो म्हणाला. "उभ्या वाटेनं, एका दमात. आपले वाडवडील असेच उतरले. मध्ये थांबणाऱ्यासाठी कळप थांबत नाही."

उभी वाट म्हणजे डोंगराच्या नाकावरून सरळ खाली पडलेली घसरण. माळवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा दयासभेचा प्रमुख सोमाजी वानर पुढे आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "माळवाल्यांनी काळजी करू नये. तुम्ही इथंच सावलीत राहा. तळ्यावरून रोज पाणी आणून देण्याची जबाबदारी दयासभेची."

सगळ्या कळपाने आनंदाने खूर आपटले. किती तरी जणांच्या मनावरचे ओझे उतरले. सोमाजीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते खरे होते.

भुरी गर्दीतून पुढे आली. सुदैवाने तिचा तो चांगला दिवस होता.

"सोमाजीभाऊ, एक विचारू? तुम्ही तळ्यावरून एकदा द्रोण भरून आणलाय का?"

"अजून नाही. पण आणू की."

"मग एकदा आणून बघा. आणि इथं सगळे निघून गेल्यावर आम्ही कोणाशी बोलायचं, तेही बघा."

सोमाजी दुखावला. इतकी वर्षे पाणी पाजून हे ऐकायचे? तो रात्रभर कुरकुरला. पण सकाळी तो एकटाच उभ्या वाटेने उतरला, तळ्यावर द्रोण भरला आणि परत चढू लागला. तो पोचला तेव्हा उन्हे कलली होती. भुरीसमोर त्याने द्रोण ठेवला. तळाशी जीभ ओली होईल एवढेच पाणी होते.

"बाकीचं सांडलं," तो म्हणाला. बराच वेळ तो शेपटीवरची धूळ झटकत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, मग मी काय करू?"

दयासभा स्थापन झाल्यापासून हा प्रश्न कोणी माळवाल्याला विचारला नव्हता. "मला एकटीला ठाऊक नाही," भुरी म्हणाली. "बसा. सगळ्यांना विचारू."

सोमाजी बसला. एकेकजण बोलू लागला. पायांनी अधू असलेल्यांनी उताराबद्दल सांगितले, डोळे नसलेल्यांनी आवाजाबद्दल. सोमाजीच्या जिभेवर मध्येमध्ये "पण आम्ही तर" असे शब्द येत, ते तो गिळून टाकी. शेवटी धुरपाने मान बाहेर काढली.

"मी या पठारावर जन्मले नाही," ती म्हणाली. "तळ्यावरून वर आले. तरुणपणी. कोरड्या ओहळातून."

"त्या ओहळातून?" सोमाजी चकित झाला. "तो तर डोंगराला वळसे घेत जातो. फार लांब पडेल."

"लांब आहे," धुरपा म्हणाली. मग नेहमीसारखी थांबली. "पण उतार कुठेच माझ्या पायांपेक्षा मोठा नाही. फक्त तीन जागी दरड आडवी पडलीय."

दुसऱ्या दिवशी दयासभेने द्रोण लावले नाहीत. टाक्यातले उरलेसुरले पाणी चालणाऱ्यांनी माळवाल्यांसाठी तोंडात धरून आणावे, असे सोमाजीने कळपाला सांगितले आणि पुष्कळजणांनी ते निमूटपणे केलेही. बळ होते, कोणी मागितले नव्हते इतकेच. सगळे वानर ओहळात उतरले. दगड कुठला हलवायचा आणि कुठला ठेवायचा, हे धुरपा सांगे. वळणावर पायाला काय लागते ते नानू चाचपून सांगे. भुरीने थांबे ठरवले. आपल्या वाईट दिवसांच्या हिशेबाने ती चाले, आणि जिथे गुडघे बोलू लागत तिथे म्हणे, "इथं." मग वानर तिथली खडी वेचून बसण्यापुरती मऊ माती करीत. अशा जागा अकरा झाल्या.

बगळाही एकदा येऊन पाहून गेला. "इथं थांबण्याचा हक्क कोणाला?" त्याने विचारले.

"जो दमेल त्याला," भुरी म्हणाली.

"आणि तो खरंच दमलाय हे तपासणार कोण?"

सगळे दगड ढकलण्यात गुंतले होते. बगळ्याने चोचीने एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. मग आणखी एक.

आठवा दिवस उजाडला आणि भुरीला उठता आले नाही. इतका वाईट दिवस तिला महिनाभर आला नव्हता. वर कळप निघण्याची धूळ उडाली. उभ्या वाटेवर खुरांचा गडगडाट झाला आणि विरला. माळवाले ओहळाच्या तोंडाशी जमले होते.

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "मी उद्या येईन." आपले बोलणे खरे नाही हे तिला कळत होते. एकटीने ओहळ उतरणे तिला शक्य नव्हते. पण वीसजणांना आपल्यासाठी उन्हात तिष्ठत ठेवायचे म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"थांबे तूच घातलेस ना?" नानू म्हणाला.

"वाटेतले. इथला नाही."

"मग हा बारावा," नानू म्हणाला आणि तिथेच खाली बसला. सोमाजी बसला. भेकर बसले. भुरीने तोंड फिरवले, कारण तिला रडू आवरेना. तो अख्खा दिवस वीसजण एका जागी बसून राहिले आणि डोंगर कोसळला नाही.

दुसऱ्या सकाळी तिचे पाय परत आले होते. ते निघाले. सर्वांत पुढे धुरपा, आणि तिच्यापुढे जाण्याची कोणालाच मुभा नव्हती. तिच्यामागे नानू आपले काटे खडखडवत चाले, म्हणजे मागच्यांना वेग कळे. पाचव्या थांब्यापाशी, जिथे उभी वाट ओहळाला अगदी खेटून जाते, तिथे त्यांना कोणीतरी बसलेले दिसले.

तो मानाजी होता. त्याचा पुढचा पाय घसरणीवर मुरगळला होता. त्याच्यासाठी कळप थांबला नव्हता. तसा हुकूम त्यानेच दिला होता आणि कळपाने तो तंतोतंत पाळला होता. लंगडत, फरपटत तो या मऊ मातीपर्यंत आला होता आणि काल दुपारपासून तिथेच होता. भुरीला पाहून त्याने मान वळवली.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "मी उठतोच आहे."

त्याने उसळी घेतली आणि तो पुन्हा कोसळला. तिसऱ्यांदा कोसळल्यावर मात्र त्याने डोके मातीवर टाकले. असे पडून राहणे भुरीला ओळखीचे होते. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"एकदम उठायचं नाही, मानाजीराव," ती म्हणाली. "आधी पडल्यापडल्या पाय लांब करा. एकेक. घाई नको. आता दुखरा पाय पोटाशी घ्या. मान खाली. आता मागचे पाय. हां, आता तसेच थांबा. लाज वाटेल थोडी. वाटू दे. मग आपोआप कळतं, कधी उठायचं ते."

"किती वेळ थांबायचं?"

"लागेल तितका. आम्ही आहोत."

मानाजी तसाच थांबला, कपाळ मातीला टेकून, मागचे धड उंच. त्याला हसायचे सोडून भेकराने त्याच्या दुसऱ्या कुशीला टेका दिला. बऱ्याच वेळाने तो उभा राहिला. तीन पायांवर कसे वळायचे, ते भेकराने त्याला वाटेत शिकवले.

चौथ्या दिवशी सकाळी ओहळाचे शेवटचे वळण संपले आणि तळे दिसले. पुढे उतरलेला कळप काठाशी होता. त्यातही कितीजण लंगडत होते आणि कितीजणांची छाती अजून धपापत होती. त्यांनी सरकून जागा करून दिली. धुरपा पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नानूने पाण्याचा वास घेतला आणि त्याचे सगळे काटे पाठीवर आडवे पडले. भुरी आत आत चालत गेली, तेव्हा पाण्याने तिचे वजन हळूच आपल्याकडे घेतले आणि तापानंतर पहिल्यांदाच तिचे चारही पाय गप्प झाले. तिच्या शेजारी मानाजी आला. दमून त्याने आपली हनुवटी तिच्या पाठीवर टेकली आणि डोळे मिटले.

तळ्यातली बदके थोडी लांबून हे पाहत होती. वरून कळप येणार, त्यात काही अधूही आहेत, अशी बातमी त्यांच्यापर्यंत आली होती. एक बदक धीर करून जवळ पोहत आले.

"ती अधू मंडळी कुठली हो तुमच्यातली?" त्याने विचारले. "त्यांच्यासाठी काठालगतची जागा राखून ठेवलीय आम्ही."

भुरीने मान वळवून पाहिले. काठापासून पार पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत सगळे पाण्यात उभे होते. पाणी छातीपर्यंत होते आणि त्याखालचे काहीच दिसत नव्हते. वर होत्या त्या नुसत्या वाकलेल्या माना, एकीला लागून दुसरी, आणि पिण्याचा आवाज.