चेहऱ्याएवढी जागा

"आणि हे काम तुमच्या हातचं?"

चौगुले सरांचं नाक चित्राला जवळजवळ टेकलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पहारेकरीण खाकरली. सकाळपासूनची तिसरी वेळ.

"हो," ब्रदर पास्कोल म्हणाले.

"रेघा दिसतात की हो. रंग उडालेल्या जागी नुसत्या बारीक उभ्या रेघा. माझी नववीची पोरं याहून सफाईनं भरतील."

"भरतील. मला किती मार्क द्याल?"

"पस्तीस," सर म्हणाले. "तेही तुमच्या वयाकडं बघून."

ब्रदरांनी मान डोलावली.

पास्कोल डाबरे मूळचे वसईचे. धर्मगुरू व्हायला म्हणून विशीत फ्लोरेन्सला आले. सहासष्टच्या नोव्हेंबरात आर्नो नदी शहरात शिरली, तेव्हा पुस्तकं मिटून चर्चमधला चिखल उपसायला गेले. चिखलातून चित्रं निघाली. त्या चित्रांपाशी ते राहिले ते राहिलेच. धर्मगुरू झाले नाहीत, मठातले साधे ब्रदर झाले. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मठाच्या जुन्या जेवणघरातलं हे लहानसं संग्रहालय आणि त्यामागची चित्रदुरुस्तीची खोली, एवढाच त्यांचा संसार होता.

सर्जेराव चौगुले कोल्हापूरच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. वसईच्या एका मित्राची चिठ्ठी घेऊन ते आले. आल्या आल्या त्यांनी काखेतलं चपटं गाठोडं पुढे केलं. ब्रदरांनी ते सोडू दिलं नाही. आधी इथली संग्रहालयं पाहून या, म्हणाले. प्रत्येक चित्रात चित्रकाराच्या हातची नसलेली जागा शोधायची.

चार दिवस सर नुसते पळत होते. प्रत्येक संग्रहालयाच्या दारात गाठोडं ठेवून घेत आणि नंबराचा बिल्ला हातात देत. सर दोन दालनं पाहत, की पाय मागे वळत. गाठोडं जागेवर आहे ना, एवढं खिडकीतून बघून पुन्हा आत. पाचशे वर्षांच्या मरियामाता त्यांनी चालता चालता पाहिल्या. बिल्ल्याची कड तळहातात रुतून वळ उठला होता.

"मागे या," ब्रदर म्हणाले.

दहा पावलांवर रेघा विरल्या. मरियेचा निळा झगा खांद्यापासून पायापर्यंत अखंड झाला.

"आता पुढे जा."

सर पुढे गेले. रेघा परत आल्या.

"मग पुरतंच लपवायचं ना, ब्रदर. अर्धवट कशाला?"

"ती जागा त्या चित्रकाराची. मी तिथला भाडेकरू."

"भाडेकरूनंही रंग नीट द्यावा."

ब्रदर हसले. "चला. तुमचं गाठोडं बघू."

मागच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल होतं. सरांनी गाठोडं सोडलं. वर बायकोची जुनी सुती साडी, आत हातभर लांबीचं तैलचित्र. दुपारची वेळ, आरामखुर्चीत झोपलेला एक माणूस, पोटावर पालथं वर्तमानपत्र. माणूस म्हणजे सरच.

ब्रदरांनी भिंग लावलं. सर खिडकीशी गेले, परत आले, बाटल्यांवरची नावं वाचू लागले.

"चेहरा तुम्ही भरलाय," ब्रदर म्हणाले. "पण सांधा सापडत नाही."

सरांची पाठ जरा ताठ झाली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, शाळेत एखादी हकिगत सांगावी तसं. चित्र केतकीनं, त्यांच्या मुलीनं काढलेलं. एकोणीस वर्षांची होती. डेंग्यू झाला, आठव्या दिवशी गेली. पुढच्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी घरात आलं आणि पाच दिवस राहिलं. उतरलं तेव्हा चित्रातल्या चेहऱ्याचा रंग सुटून गेला होता. सरांनी आपला फोटो समोर ठेवून चेहरा भरला. कुणालाही कळलं नाही. फक्त तिच्या आईला कळलं. तिनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. हे केतकीचं नव्हे, म्हणाली, आणि तीन वर्षं त्याकडे पाहिलेलं नाही.

"तुमच्याकडं दिवे असतात, यंत्रं असतात," सर म्हणाले. "यात तिचं किती उरलंय तेवढं सांगा. घरी जाऊन मला ते सांगायचंय."

"तिनं चेहरा कसा काढला होता?"

सर पुन्हा बाटल्यांकडे वळले.

"सर?"

"आठवत नाही."

ब्रदरांनी भिंग खाली ठेवलं.

"मला जाग आली तेव्हा ती काढतच होती," सर म्हणाले. "म्हणाली, अण्णा, हलू नका, थोडंच राहिलंय. मी उठलो. मला तासाला जायचं होतं. जाता जाता बघितलं आणि म्हणालो, नाक मोठं आलंय."

"आलं होतं?"

"प्रमाणात नव्हतं... नाकापुढं मी काही बघितलंच नाही. नंतर बघू म्हटलं."

"आणि तुम्ही भरलंत तेव्हा?"

सरांनी साडीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"बरोबर काढलं," ते म्हणाले.

ब्रदरांनी चित्राच्या एका कोपऱ्यावर रंग सोडवणाऱ्या द्रावणाचा थेंब लावून पाहिला, मग सरांच्या रंगावर. काडीला कापूस गुंडाळला आणि एक लहान बाटली टेबलावर ठेवली. तिचा रंग हलत नाही, तुमचा कोवळा आहे, निघेल, एवढं सांगितलं.

"खाली काय राहील?"

"पुरानं ठेवलं असेल ते."

सरांनी काडी उचलली. कोपर टेबलाला टेकवलं. वर्गात पोरांना सांगत तसं.

पहिल्यांदा नाक गेलं. मग मिटलेले डोळे, मग कपाळ. खालून पांढरं, डागाळलेलं कापड वर आलं. सर थांबेनात. एक कापूस टाकायचा, दुसरा घ्यायचा, पुसत जायचं. काडी डाव्या कडेला पोचली आणि ब्रदरांनी एकदम त्यांचं मनगट धरलं.

तिथं एक कान होता.

सांधा लपवायला सरांनी आपला रंग कडेच्या बाहेर नेला होता. त्या रंगाखालून तो निघाला. मोठा, थोडा पुढे आलेला, वरून तांबूस. कानामागे खडूची पूड लागावी तसा एक पांढरा फटकारा.

"हा माझ्या हातचा नाही," सर म्हणाले.

"नाही."

सरांचा हात आपल्या कानाकडे गेला. कानामागून बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं... बोट स्वच्छ होतं.

मग ते घाईघाईनं बोलू लागले. रेघा कुठल्या रंगानं सुरू करायच्या, आज किती होतील, परवा तर विमान आहे, निदान कपाळाएवढं तरी...

ब्रदरांनी चित्र उचललं आणि खिडकीजवळच्या लाकडी तिवईवर उभं केलं. समोर, दहा पावलांवर, एक खुर्ची ओढून ठेवली.

सर बसले. पण टोकावर. पाय हलत होता. कानाकडे बघता बघता हात भिंगासाठी पुढे झाला, आणि ते अर्धे उठले.

ब्रदरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता हलू नका, सर."