‘अजून?’ म्हणणारा राजा

एका राज्यात मुलांवर रागवायला बंदी होती, आणि राजा दंडपाणी ते मोठ्या अभिमानाने सांगे. त्याच्या घराण्यात कोणी हात उगारत नसे, आवाज चढवत नसे. फक्त दिवे लागले की राजाचं मूल भरदरबारात उभं राही आणि आपल्या चुका आपणच सांगे. सांगून झालं की राजा विचारी, "अजून?" मग मूल आणखी एक शोधून काढी. नाही सापडली तर रचून सांगी.

राजकन्या मृगावतीचं सारं बालपण असं गेलं. कबूल केलेल्या प्रत्येक चुकीपाठी तिचं तीळभर अंग दगड होई. पंधराव्या वर्षी डावा हात खांद्यापर्यंत काळा पाषाण झाला होता. राणी त्याला चंदन लावी आणि सख्यांना सांगे, "आमची मृगावती फार समजूतदार. आम्हाला काही बोलावंच लागत नाही."

राजवैद्य मात्र खरं बोलला. "राजकन्ये, दगड काळजाला टेकला की तुझा पुतळा होईल."

मृगावती उपाय शोधायला निघाली. निरोप घेतला नाही. घेतला असता तर त्यातही काहीतरी चुकलंच असतं.

पठारावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत होता. त्याच्या उंबऱ्यावर एक टिटवी असे. ती माणसासारखी बोलत असे, आणि फटकळ होती.

"हा शाप आम्हाला कोणी दिला?" मृगावतीने विचारलं.

"दिला नाही, तुझ्या खापरपणजीने मागून नेला," मांत्रिक म्हणाला. "तिला निर्दोष वंश हवा होता. उतरवायचा तर तीन कामं आहेत. आधी उकळत्या तळ्यातलं कमळ आण."

दगडाच्या हाताला चटका बसत नाही. मृगावतीने तोच हात पाण्यात घातला, कमळ खुडलं आणि आणून ठेवलं. ठेवता ठेवता म्हणाली, "एक पाकळी गळली. माझंच लक्ष नव्हतं." तत्क्षणी दगड खांद्यावरून गळ्याकडे सरकला.

"गप गं," टिटवी म्हणाली. "कोणी विचारलं तुला? बाप आहे का इथे?"

बाप नव्हता. तरी कानात ‘अजून?’ वाजलं होतं, आणि तो आवाज मृगावतीचा स्वतःचा होता. तिने ओठ आवळले.

दुसरं काम शापित खजिन्याचं. खापरपणजीने शाप ज्या कंकणात बांधला होता, त्यावर नाग बसला होता. नाग म्हणाला, "आधी सांग, तुझी लायकी काय?"

उत्तरं जिभेवर तयारच होती. तिने ती गिळली. "लायकी मागाहून बघू. बाजूला हो."

असं त्याला कोणी बोललं नव्हतं. तो बाजूला झाला, आणि मृगावतीने कंकण उचललं.

"तिसरं काम तुझ्या घरी," मांत्रिक म्हणाला. "कंकण दगडी हातात घाल आणि दरबारात उभी राहा. राजाने तुझी विचारपूस केली की कंकण तुटेल. नाही केली तर दगड काळजाला टेकेल."

"नागच सोपा होता म्हणायचा," टिटवी म्हणाली.

दिवे लागले. मृगावती कंकण घालून दरबारात उभी राहिली.

"न सांगता गेलीस," राजा म्हणाला. "अजून?"

"मी काही सांगणार नाही, तात."

"अजून?"

दगड गळ्यावरून खाली छातीकडे उतरू लागला. राजाने ते पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

"मीच करंटा," तो म्हणू लागला. "बाप म्हणून नालायक. माझंच सगळं चुकलं." बोलता बोलता त्याच्या पायाची बोटं दगड झाली. राणीनेही डोळ्यांना पदर लावला आणि आपल्या चुका मोजायला घेतल्या. आणि आता पोरीने आपली समजूत काढावी म्हणून दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"थांबा," मृगावती म्हणाली. "तुमच्या चुका ऐकायला मी आले नाही. हे तेच जुनं दळण आहे. समोर मी आहे, तात. माझ्याकडे बघा."

राजाने तोंड उघडलं. ओठांवर ‘अजून?’ एवढंच आलं. इतकी वर्षं लेक रोज समोर उभी होती, आणि तिला विचारायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. दगड काळजापासून बोटभर राहिला, तेव्हा त्याची नजर तिच्या हातावर गेली.

"हा हात," तो म्हणाला, "दुखतो का गं?"

"दुखतो," मृगावती म्हणाली. "आतून फार दुखतो."

कंकण तडकून खाली पडलं. दगडाची खपली निघत गेली, आतून कोवळा, लाल हात आला. राजाच्या पायाची बोटंही हलली.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रथा मोडली, आणि सांजेच्या दरबारात राजा प्रजेची गाऱ्हाणी ऐकू लागला. त्याला लगेच शहाणपण आलं, असं मात्र समजू नका. ‘अजून?’ हा शब्द त्याच्या ओठांवर रोज येई. मृगावती रोखून बघे, आणि राजा तो गिळी.