धुरपदा चुनेवालीचा फोटो

आमच्या कुरुंदमाळात जहागीरदारांच्या बंगल्याची दुरुस्ती चालली आहे. दुरुस्तीवाल्यांनी गावाला सांगितलं, जुने फोटो आणा, आठवणी सांगा. झालं. गावाने इतक्या आठवणी सांगितल्या, की त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर बंगला निदान चार वेळा जळला असला पाहिजे. मी कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. पण एक फोटो मी या डोळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा त्याच्यापुरतं ऐका.

माळावर बंगल्याच्या भिंती नुकत्या वर यायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. परमुलखातून धुरपदा नावाची बाई एक बैल घेऊन चुना मळायला आली. घाण्याच्या दगडी चाकाखाली ती चुना, वाळू, बेलफळांचं पाणी आणि गूळ घालायची, आणि चुना झाला का ते जिभेच्या टोकाला लावून बघायची. तिची जीभ कधी भाजली नाही, असं म्हणतात. गावाला शंका यायला एवढं पुरे होतं.

जहागीरदार राहायचे लांब. त्यांचा हुकूम होता, चुन्यासाठी घरटी गुळाची एक ढेप द्यायची. त्यांचा कारभारी दाजीबा ती गोळा करायचा. पण सकाळी रचलेली ढेपांची रास दुपारी खचलेली दिसायची. धुरपदाला विचारलं तर ती म्हणायची, चुना खातो. यावर दाजीबा नुसता हसायचा आणि लोकांकडे बघायचा.

मग गावाचे डोळे तिला चिकटले. तिच्या लुगड्याला गोड वास येतो, असं एकीने सांगितलं. तिच्या मागोमाग मुंग्यांची रांग चालते, असं दुसरीने. तिसरीने तर तिचा बैल गुळाची ढेकर देताना ऐकला. धुरपदा कुणाला उत्तर देत नसे. तिला धास्ती एकच होती. दक्षिणेची मोठी भिंत अर्धी घोटून झाली होती, आणि ओला चुना मध्येच सोडला तर तडकतो. दाजीबाने तर पंचांकडून ठरवूनच घेतलं होतं, की चोरी उघडी पडली की बाईला त्याच दिवशी शिवेबाहेर काढायचं.

अशात जहागीरदारांनी काम कुठवर आलं ते बघायला शहरातून फोटोवाला धाडला. तीन पायांची पेटी, वर काळं फडकं. तो म्हणाला, मी साठ अंक म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. दाजीबाने लोकांच्या कानात वेगळंच सांगितलं.

"पेटी खोटं बोलत नाही. तुम्ही फक्त बाईवर नजर ठेवा. हात गुळाकडे गेला की सापडली."

गाव घाण्याभोवती उभं राहिलं. फोटोवाल्याने साठ अंक म्हटले आणि तो निघून गेला.

महिन्याने फोटो आला. जोत्यावर ठेवलेल्या फोटोवर माणसं वाकली, ती वाकलेलीच राहिली. एकालाही तोंड नव्हतं. साठ अंकांत जो तो इतक्यांदा धुरपदाकडे, मग शेजाऱ्याकडे वळून पाहत होता, की तोंडांच्या जागी नुसता धूर उमटला होता. स्वच्छ दिसत होती एकटी धुरपदा, समोर बघणारी, दोन्ही हात चाकाच्या दांड्यावर.

आणि सगळ्यांच्या पाठीमागे, गुळाच्या राशीशी, एक माणूस. तोंड त्यालाही नव्हतं. कुणी बघतंय का म्हणून तो सारखी मान फिरवत असणार. हात मात्र लख्ख. ढेपेवर गच्च बसलेला, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

तशी करंगळी गावात एकाच माणसाची होती. दाजीबा म्हणाला, हा हात कुणाचाही असेल.

"मग तुमचा दाखवा की, कारभारी," म्हातारी सगुणा म्हणाली.

दाजीबाने हात बंडीच्या खिशात घातला. तो त्याने मरेपर्यंत बाहेर काढला नाही, असं म्हणतात. लेकीचं कन्यादानसुद्धा डाव्या हाताने केलं.

आता माफी कशी मागावी म्हणून लोक पुन्हा धुरपदाकडेच बघत उभे राहिले. ती म्हणाली, "बघून झालं असेल तर बाजूला व्हा. चुना वाळतोय."

तीन दिवस ती भिंत घोटत होती. बैल बसला तरी चाक फिरत होतं, असं म्हणतात. भिंत आरशासारखी झाली. गाव तिच्यात डोकावलं तर सगळ्यांची तोंडं फोटोतल्यासारखीच पुसट, आणि धुरपदाचं तेवढं स्वच्छ. चौथ्या दिवशी ती नव्हती, बैलही नव्हता. जिच्यावर गावाने सहा महिने नजर ठेवली, ती जाताना कुणालाच दिसली नाही.

दुरुस्तीवाल्यांकडे आता लग्नाचे, बारशाचे, शाळेचे शंभरेक फोटो जमलेत. शहरातून आलेल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडची माणसं फोटोत दोन्ही तळवे पुढे का धरतात? पाळण्यातल्या बाळाचेही तळवे आईने उघडून धरलेले कसे? आम्ही त्यांना चहा विचारला. परक्या माणसाचा आम्हाला एवढ्यात भरवसा येत नाही.

परवा त्या भिंतीला नवा चुना लागला. घरटी एकेक ढेप आली आणि सगळे फोटोला उभे राहिले. "हात," सरपंचबाई म्हणाल्या. सगळ्यांनी धुरपदाच्या नावाने तळवे पुढे केले, आणि फोटो निघेपर्यंत कुणीही शेजाऱ्याकडे पाहिलं नाही.