उशिरा आलेला धबधबा

जपानातल्या मिझुओरी डोंगरावर धबधब्याची जुनी खाच कोरडी पडली आहे. पाणी आता बरेच खाली, एका शिळेच्या अलीकडे कोसळते. शिळेवर कोरले आहे, 'येथून पुढे बायकांनी येऊ नये.' ते कळले की पाहुणे हसतात आणि वाट दाखवणारे म्हातारे किन्झोबुवा दरवेळी चिडतात. "हसू नका हो, आधी ऐका," म्हणतात आणि तोमेची गोष्ट सांगतात.

तोमे ही एका कोळसा पाडणाऱ्याची बायको. तिची लेक नुइ तापाने फणफणली, तेव्हा एकवीस दिवस धबधब्याखाली उभे राहण्याचा नवस ती बोलली. पांढरे वस्त्र नेसून, शुद्धीसाठी अंगावर मीठ टाकून निघाली, तर शिळेपाशी तपस्वी गेन्काइ आडवे आले. "बाईमाणसानं पुढं यायचं नाही. हेच पाणी खाली वाहतं ना? तिथं उभी राहा."

खाली पाणी जेमतेम घोट्याएवढे. तोमे बिचारी ओंजळीने डोक्यावर घेत राहिली. वर गेन्काइ आपली पापे धूत आणि तेच पाणी हिच्या पायाशी येई. नुइचा ताप आज उतरे, उद्या दुप्पट चढे. लेकीसाठी आलेल्या तोमेच्या मनात रागाशिवाय काही उरले नाही. आणि का उरावे? विसाव्या दिवशी नुइ गेली.

नवस अर्धा ठेवू नये, असे सासूने बजावले म्हणून एकविसाव्या दिवशीही तोमे आली. शिळेपाशी उभी राहून वर ओरडली, "देवा, यांच्या आंघोळीचं पाणी मला तीर्थ म्हणून दिलंस! लाज नाही वाटत?"

तेव्हा म्हणे कडाच फुटला. सगळी धार जुनी वाट सोडून शिळेच्या अलीकडे, थेट तोमेच्या खांद्यांवर कोसळली. गेन्काइ कोरड्या खाचेत हात जोडून उभेच! "वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच," किन्झोबुवा चडफडतात. तोमेने हात जोडले नाहीत. दातांवर दात वाजत असताना ती एवढेच म्हणाली, "उशीर झाला."

आजही या धारेखाली आधी बाईच उभी राहते. ती मंत्र म्हणत नाही. पाण्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडते, "उशीर झाला!" आणि काठावरच्या पुरुषांनी, देवळाच्या पुजाऱ्यासकट, मान खाली घालून उत्तर द्यायचे असते, "हो, झाला."