उंबरठ्यावरची काठी

“पण त्या बंगल्यातून बाहेर पडायचं कसं, बुवा?”

ऋजुताने तिसऱ्यांदा विचारलं. घाटावरच्या मठात कान्होबुवा मेथी निवडत बसले होते. मान काही वर झाली नाही.

“कुठला बंगला गं?”

“मोबाइलमधला! भुताचा खेळ. मघापासून काय सांगतेय मी?”

“मग मोबाइल बंद कर. आलीस बाहेर.”

ऋजुताने कपाळावर हात मारून घेतला. आईने धाडलं म्हणून ती आली होती. नाही तर बुवांना यातलं काय कळणार? कोड्यात कुणी अडकलं की अख्खी आळी हिचंच दार ठोठावायची, आणि आपण कुणाला विचारत नाही हा हिचा टेंभा. आज सहा वाजता सगळ्यांसमोर खेळातलं शेवटचं दार पार करून दाखवते, असं सांगून बसली होती. अकरा दिवस झाले, पाऊल पुढे पडेना.

“तेरा कुलुपं उघडली, बुवा. बंद घड्याळ चालवलं. आरशामागची चिठ्ठी वाचली. शेवटचं दार तर सताड उघडं आहे!”

“मग अडलं कुठे?”

“दारात ती बाई येते. हिरव्या लुगड्यातली. हात आडवा लावते नि विचारते, ‘निघालीस?’ उत्तर लिहायचं. ‘हो’ लिहिलं. ‘जाते’ लिहिलं. ‘वाट सोड’ लिहिलं. अहो, अख्खी रामरक्षा लिहिली! काहीही लिहा, दार धाडकन बंद. मी पुन्हा माजघरात.”

“तुला काही केलं का तिनं?”

“केलं नाही. पहिल्याच दिवशी पाट मांडून ताट वाढलं होतं. मी हात लावते होय? भुताच्या घरचं!”

बुवा मेथी निवडत राहिले. एक काडी… दुसरी काडी…

“सांगा ना काहीतरी!”

“जुडी जून निघाली यंदा.”

ऋजुता ताडकन उठली. “तुम्हाला नाही कळायचं हे. जाते मी.”

खट्… बुवांची काठी उंबरठ्यावर आडवी पडली.

“निघालीस?”

“हो. म्हटलं ना, जाते.”

काठी हलेना.

“बुवा, सहा वाजता माणसं यायचीत. सोडा. जाते ना मी!”

काठी तिथेच.

“अगं, कुणाच्या घरातून निघताना असं म्हणतात? आईनं काही शिकवलं की नाही?”

ऋजुताने जीभ चावली. या एका शब्दापायी लहानपणी आईचा धपाटा कितीदा खाल्ला होता.

“चुकलं, बुवा. येते.”

काठी बाजूला झाली.

तिने एक पाय बाहेर टाकला…

आणि तशीच मागे फिरली. मेथीच्या ढिगातच फतकल मारून बसली, मोबाइल काढला.

“भुताला कोण असं म्हणतं…” ती पुटपुटली.

बाई दारात आली. हात आडवा. ‘निघालीस?’

ऋजुताने दोन अक्षरं लिहिली.

हिरव्या लुगड्यातल्या बाईने आडवा हात खाली घेतला. पदर सावरला. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मागे लख्ख ऊन, आणि अंगणात मोगरा.

“सुटले! बुवा, सुटले मी!”

तिने मूठभर मेथी वर उधळली. चार पानं बुवांच्या दाढीत अडकली. बुवांना हसू आवरेना, तोंडात एकही दात नसला तरी.

मग एकदम तिचा चेहरा पडला. “पण बुवा… ही तुमची मदत झाली का हो?”

“मदत कसली? मी तर तुला अडवलं.”

ऋजुता खिदळत पळाली. उंबरठ्याशी मात्र पाय आपोआप थांबले.

“येते हं, बुवा!”

“माझ्याकडे सवडीनं ये गं… त्या बाईकडे मात्र ताट वाढलेलं आहे.”